मुठीतला पाय

मी आयुष्यात एकदाच चुकीच्या गोष्टीचे पेढे वाटले. अर्धा किलो होते. परभणीत दवाखान्यासमोरच्या दुकानातून घेतले आणि पुडा हातात धरून दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेलो. माझं वय तेव्हा शेहेचाळीस. उजवा गुडघा दुखतो, जिना चढताना कठडा धरावा लागतो. त्या दिवशी कठडा कुठे होता आणि गुडघा कुठे होता, मला काहीच आठवत नाही.

माझी नऊ दिवसांची नात त्या सकाळी माझ्या छातीवर पाय हलवायला लागली होती, म्हणून ते पेढे.

आमच्या घरी पहिल्यापासून मेंढरं. मीही वडिलांबरोबर वीस वर्षं कळपामागे हिंडलो. पुढे कळप धाकट्या भावाकडे गेला आणि मी बोरीत पशुखाद्याचं दुकान टाकलं. दुकानात येणारी माणसं पेंडीपेक्षा सल्लाच जास्त नेतात. कोकरू दूध ओढत नाही, शेळी करडाला जवळ घेत नाही, काय करावं? "आधी ह्यांला दाखवा, मग डॉक्टरकडं न्या," असं लोक एकमेकांना सांगतात. मी "काही तरीच काय" म्हणतो आणि आतून फुगतो. पुढे जे झालं त्यात या फुगण्याचा वाटा मोठा आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. जावई आणि त्यांच्या घरची सगळी माणसं ऊसतोडीला लांब गेलेली, म्हणून तिला मी लवकरच बोरीला आणलं होतं. सातवा संपता संपता तिच्या पायांना सूज आली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले. रक्तदाब एवढा वाढला होता की परभणीला पोहोचल्या पोहोचल्या ऑपरेशन करून बाळ काढावं लागलं. मुलगी. वजन दीड किलोपेक्षाही कमी. मी शेकड्यांनी कोकरं हातात घेतली आहेत, पण काचेच्या पेटीतलं ते बाळ पाहिलं तेव्हा माझे हात आपोआप मागे गेले. तिची मांडी माझ्या अंगठ्याएवढी होती.

सातव्या दिवशी नवजात बाळांच्या कक्षाचं दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आल्या. पालमच्या होत्या, बोलायला एकदम सडेतोड.

"कोण हाय ह्या बाळाचं? छातीला धरायचंय."

लेकीला ताप होता, बायको तिच्यापाशी बसलेली. मी उभा राहिलो. "मी आजोबा आहे."

"मग? आजोबाला छाती नसती का? शर्ट काढा. कोपरापर्यंत हात धुवा. नखं दाखवा. तंबाखू?"

"सोडली."

"कधी?"

"आत्ता."

त्या हसल्या. मला खुर्चीत रेलून बसवलं, बाळ माझ्या उघड्या छातीवर उभं ठेवलं आणि वरून कपड्यानं बांधलं. बाळाला आपल्या अंगाची ऊब द्यायची, आपला श्वास ऐकू द्यायचा, त्यानं वजन वाढतं, असं त्यांनी समजावलं. मी म्हणालो, "सिस्टर, दिवस भरायच्या आधी पडलेलं कोकरू आम्ही असंच जगवतो. घोंगडीत घालायचं आणि छातीशी धरायचं."

"मग तुमाला काय शिकवायचं! तुमीच आमाला शिकवा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी चेष्टेत म्हटलं होतं. मी ते जपून ठेवलं.

दोन दिवस मी सकाळ-दुपार असा बसलो. बाळ नुसतं झोपायचं. नळीतून चमचाभर दूध जायचं, तेवढंच. हालचाल जवळजवळ नाही. दिवस भरायच्या आधी पडलेलं कोकरूही असंच पडून राहतं, आणि मग एखाद्या दिवशी अचानक पाय झाडायला लागतं, ओठ चोखायला लागतं, आचळ शोधतं. ते पाहिलं की आमचे वडील म्हणायचे, "आता हे आपलं झालं." मी त्या घडीची वाट बघत होतो.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या पोटावर काहीतरी टुकटुक झालं. मी कपडा जरा वर केला. दोन्ही पाय चालले होते! एक पुढे, एक मागे, पायडल मारल्यासारखे, एका लयीत. ओठ मिटत होते, उघडत होते, चुक-चुक-चुक. मला ओरडावंसं वाटलं. शेजारच्या खुर्चीत कोणी नव्हतं, सिस्टर पलीकडे दुसऱ्या बाळाचं सलाईन बघत होत्या. मी एका हातानं खिशातला मोबाईल काढला (काढायचा नसतो, ते मला सांगितलेलं होतं) आणि व्हिडिओ घेतला. पाय थांबले. बाळ ढिलं पडून झोपलं. दूध शोधून दमली, असं मी मनात म्हणालो.

बाळ पेटीत ठेवल्यावर बाहेर येऊन घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'नात सायकल चालवायलीय!'

मग जे सुरू झालं ते विचारू नका. भावाचा निरोप आला, 'घुंगराची घ्या सायकल.' भावजयीनं लिहिलं, 'सटवाई खेळवायलीय तिला.' खालच्या मजल्यावर लेकीला दाखवलं तर तिनं तापलेल्या हातात मोबाईल धरून तो व्हिडिओ पाच वेळा पाहिला. नऊ दिवसांत ती पहिल्यांदा हसली. बायको म्हणाली, "बघत काय बसलाव? पेढे आणा की!"

असे ते पेढे आले. दारावरच्या वॉचमनला दिला, झाडणाऱ्या मावशींना दिला, बाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी आई-बापांना दिले. सिस्टरना द्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, "कशाचे?"

"असेच. नात बरी आहे."

पाय हलवल्याचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मोबाईल काढल्याचं निघालं असतं. एवढंच कारण, आणि एवढं क्षुल्लक.

एक वाजता बाळ परत छातीवर घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा टुकटुक. मी आनंदानं वाकून बघितलं. पाय तसेच, ओठ तसेच. पण डोळे उघडे होते. ते माझ्याकडे नव्हते, भिंतीकडे नव्हते, दोन्ही डोळे उजव्या कोपऱ्यात जाऊन अडकले होते. मी तोंडानं च्-च् केलं. डोळे हलले नाहीत.

इथे माझ्या वडिलांची एक गोष्ट सांगावी लागते. मी लहान असताना एक कोकरू पाय झाडत होतं आणि मी टाळ्या पिटत होतो. वडील म्हणाले, "टाळ्या वाजवू नको, आधी पाय मुठीत धर. हलकाच धर. थांबला तर भुकेचा. मुठीतबी चालूच राहिला तर आजाराचा, मग हसायचं न्हाई, पळायचं." मोठेपणी ही परीक्षा मी स्वतः कितीतरी वेळा केली. दुकानात येणाऱ्यांना शिकवली. सकाळी व्हिडिओ काढताना मात्र मला ती आठवली नाही, कारण आठवायची नव्हती.

त्या दुपारी माझा हात मला न विचारता खाली गेला. मी तिचं पाऊल मुठीत धरलं. अख्खं पाऊल दोन बोटांत मावत होतं. हलकेच धरलं.

ते थांबलं नाही.

मुठीच्या आत ते चालूच होतं, त्याच लयीत, जणू माझी मूठ तिथे नव्हतीच. एखादं घड्याळ हातात धरल्यावर आत जसं वाजत राहतं, तसं. किती वेळ? मिनिट असेल. मग सुटलं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "काय आजोबा, सगळं ठीक?"

माझ्या हातात अजून ती थरथर होती. मी म्हणालो, "एकदम मजेत."

हे वाक्य मी नंतर हजारदा ऐकलं आहे, माझ्याच आवाजात. का म्हणालो? पेढे वाटून झाले होते. लेक हसली होती. ग्रुपवर लोक अजून हार-फुलांची चित्रं टाकत होते. एवढा आनंद परत कसा घ्यायचा, हे मला कळेना. शिवाय मी म्हणजे कोकरांचा जाणकार, माझं चुकलं कसं असेल? हात खरं सांगत होता आणि मी हातालाच खोटं पाडत होतो. तासाभराच्या वर मी तसाच बसून राहिलो.

अडीच वाजता ती श्वास घ्यायची थांबली.

बाळाला लावलेलं मशीन वाजलं. माझ्या छातीवरची हलकी धाप बंद झाली, ओठ जांभळे दिसले, आणि सिस्टर कुठून आल्या मला कळलं नाही. त्यांनी गाठ सोडली, बाळ उचललं, पाठ चोळली, तोंडावर मास्क धरला. डॉक्टर मॅडम धावत आल्या. बाळानं श्वास घेतला. रंग परत आला. मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, "असं काही आधी झालं होतं? हातपाय, डोळे, तोंड, काही वेगळं?"

"नाही. आत्ताच."

मला बाहेर काढलं. मी उघड्या अंगानं, शर्ट हातात घेऊन बाकावर बसलो. मोबाईल थरथरला. जावयांचा आवाजातला निरोप होता. मागे कोयत्यांचा, माणसांचा गलका, आणि त्यांचा हसरा आवाज: "मामा, आख्खी टोळी बघायलीय तुमची नात! मुकादमबी बघायलाय. फडात काम बंद पाडलं पोरीनं! तिला मनावं, बाप यायलाय, तवर अशीच सायकल चालव."

अशीच चालव.

मी उठलो. शर्ट तिथेच पडला. दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. वॉचमन "अहो, अहो!" करत आला, मी त्याला बाजूला सारलं. सिस्टरनी दार उघडलं आणि त्या चिडून काही बोलणार तेवढ्यात मी म्हणालो, "मी खोटं बोललो. सकाळपासून होतंय. माझ्याकडे व्हिडिओ आहे."

डॉक्टर मॅडमनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. खाली लिहिलेलं 'नात सायकल चालवायलीय' त्यांना दिसलंच असणार. वेळ विचारली, लिहून घेतली. एकूण किती वेळा? किती वेळ? डोळे कोणत्या बाजूला? मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आणि पाय मुठीत धरला तरी थांबत नव्हता."

त्यांचं पेन थांबलं. "मुठीत धरून बघायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मेंढरांनी."

"आम्हीसुद्धा हेच करून बघतो," त्या म्हणाल्या. "साधी थरथर असली तर धरल्यावर थांबते. झटका असला तर थांबत नाही." मग हळू आवाजात समजावलं. एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळांना मोठ्या माणसासारखी मिरगी येत नाही. अंग ताठ होत नाही, तोंडाला फेस येत नाही. डोळे एका जागी अडकतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, पाय सायकलीसारखे चालतात, नाहीतर नुसता श्वास थांबतो. बघणाऱ्याला बाळ खेळतंय असं वाटतं. "तुम्हालाच नाही, पुष्कळांना वाटतं."

पुष्कळांना वाटत असेल. पुष्कळांच्या हाताला मात्र कळलेलं नसतं.

बाळाची साखर तपासली, रक्त घेतलं, टाळूवरून सोनोग्राफी केली. मेंदूत थोडा रक्तस्राव झाला होता. झटक्यांचं औषध सुरू झालं. सकाळपासून तीनदा झालंय हे कळल्यामुळे हा एकच झटका समजून वाट बघत बसायचं नाही, असं मॅडम सिस्टरना सांगत होत्या, ते मी ऐकलं. संध्याकाळी मी त्यांना गाठून विचारलं, "माझ्यामुळे झालं का?"

त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, म्हणून आजही त्यांच्याबद्दल मला आदर आहे. "रक्तस्राव तुमच्यामुळे झाला नाही. पण सकाळीच कळलं असतं तर औषध सकाळीच सुरू झालं असतं. त्यानं किती फरक पडला असता, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

"ती चालेल का?"

"वाट बघावी लागेल. आणि तिचं वय जन्मापासून मोजू नका. ज्या दिवशी यायची होती त्या दिवसापासून मोजा."

खाली जाऊन लेकीला सगळं सांगितलं. मूठ, सिस्टर, 'एकदम मजेत', सगळं. बायकोनं तोंडाला पदर लावला. लेक भिंतीकडे वळली.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताप उतरल्यावर ती स्वतः बाळाला छातीशी धरायला लागली. पण तिचे टाके दुखायचे, तास झाला की बसवत नसे. मग ती बाळ उचलून माझ्या छातीवर ठेवायची, कपडा बांधायची आणि एक शब्दही न बोलता निघून जायची. मी लेकीच्या त्या गप्प हातांकडे बघत राहायचो. पाचव्या दिवशी तिनं बाळ ठेवलं, गाठ मारली, आणि जाता जाता म्हणाली, "आबा, पाय धरून बघत जा."

"बघतो."

"आन् आमाला सांगत जा."

औषध सुरू झाल्यावर आणखी एकदा झटका आला, मग आला नाही. बाळ महिनाभरानं घरी आलं. तिसऱ्या महिन्यात मॅडमनी औषध हळूहळू कमी करत बंद केलं. मी मात्र तिचा पाय धरायचं बंद केलं नाही. दूध पिताना, न्हाताना, पाळण्यात, जिथे पाय हलला तिथे माझी मूठ. बायको म्हणायची, "पोरीला वाटंल आजाचा हात म्हंजी तिचा मोजाच हाय." जावई ऊसतोडीहून आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मामा, मुठीत कसं धरायचं, मलाबी दाखवा." मी दाखवलं. नात आम्हा दोघांकडे बघून फिदीफिदी हसली आणि पाय हिसकावून घेतला. जावयांना वाटलं मी दुःखानं रडतोय. रडत होतोच, पण तो पाय जोरात हिसकावला होता, आणि त्याचाच आनंद झाला होता!

मान धरली. उशिरा, पण धरली. पालथी पडली. मी लेकीला मोबाईलवर तारखा मोजून दाखवायचो, "यायच्या दिवसापासून बघितलं तर फार उशीर नाही." डावा पाय जरा ताठ वाटायचा. मॅडमनी व्यायाम शिकवले. ते मी दुकानात पोत्यांवर सतरंजी टाकून करून घ्यायचो. गिऱ्हाईक उभं राहायचं. "आधी नातीचा पाय, मग तुमची पेंड," मी म्हणायचो. लोक थांबायचे. कुणी कुणी मोजायलाही लागायचे, "धा झाले, अजून धा." बसायला लागली, रांगायला लागली, पोतं धरून उभी राहायला लागली. उभी राहायची आणि तिथेच थांबायची. एक महिना गेला, दोन गेले. पुढचं पाऊल काही पडेना.

या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळचे दहा वाजलेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. लेक वजनकाट्यापाशी डबा ठेवायला आली होती. नात सरकी पेंडीच्या पोत्याला धरून उभी होती, मी तिच्यामागे खाली बसलो होतो, आणि सवयीनं माझ्या मुठीत तिचा डावा पाय होता. तिनं आईला पाहिलं. पोतं सोडलं. मला मुठीत कळलं: टाच उचलली गेली. बोटं दाबली गेली. हा जोर मी कधी अनुभवला नव्हता.

"अगं, ही..." मी म्हणालो.

लेक काट्यापाशी तशीच खाली बसली. हात पुढे केले. आणि मग तिचं लक्ष माझ्या मुठीकडे गेलं.

"आबा, पाय सोडा."

"पडेल."

"पडू द्या. सोडा की ओ तिला!"

मी मूठ उघडली. हे लिहिताना माझा हात अजून तसाच होतो, बोटं आपोआप उघडतात. एक पाऊल. डावं! मग उजवं. मधे ती अशी डोलली की माझ्या घशातून आवाज निघाला. तिसरं, चौथं, आणि पाचव्याला ती बदकन बसली. तिनं स्वतःच आश्चर्यानं जमिनीकडे बघितलं. लेक ओरडत होती, मी ओरडत होतो, समोरच्या चहावाल्यानं विचारलं, "काय झालं? साप निघाला का?"

"चालली!" मी ओरडलो. "चालली, चालली!"

लेकीनं डोळे पुसले. "व्हिडिओ काढलाव का?"

"नाही."

"बरं झालं. जा मग, पेढे आणा."

मी चप्पल शोधायला लागलो. एक सापडली. मग थांबलो.

"काय झालं?" लेकीनं विचारलं.

"अजून एकदा चालू दे."

लेकीनं नातीला उचलून पोत्याला धरून उभं केलं, काट्यापाशी गेली आणि हात पुढे केले. मी माझे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

ती पुन्हा चालली. या वेळी सात पावलं.

मग मी दुसरी चप्पल न शोधताच पेढे आणायला गेलो.